खेळाडूचा करार चुकीचा दाखवून झालेला ट्रेड उलटवून मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
बास्केटबॉल लीग गेम विभाग

दि. 24 जानेवारी
सोलापूर

विषय: 13 जानेवारीच्या ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) करार 1 वर्षाचा दाखवून प्रत्यक्षात 3 वर्षांचा निघाल्याबद्दल

महोदय,

आपापला बास्केटबॉल संघ ऑनलाइन चालवायच्या तुमच्या गेमची मी तीन वर्षांपासूनची वर्गणीदार आहे. वर्षाचे 1,499 रुपये आगाऊ भरते. आमच्या लीगमध्ये बारा संघ आहेत आणि त्यातले आठ माझ्या कॉलेजच्या संघातल्या मैत्रिणी चालवतात. एके काळी आम्ही सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेत एकत्र खेळायचो. आता कुणी पुण्यात आहे, कुणी हैदराबादला, मी इथेच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. आठवड्यातून दोनदा रात्री सगळ्या फोनवर येतो त्या या लीगमुळेच. हे आधीच सांगते, कारण माझ्या पहिल्या तक्रारीला 19 तारखेला आलेल्या तुमच्या उत्तरात 'हा केवळ एक खेळ आहे' असं एक वाक्य होतं आणि ते मला फार लागलं.

13 जानेवारीला नंदीध्वजांची मिरवणूक पाहून रात्री घरी आले आणि पुण्याच्या मैत्रिणीशी ठरलेला ट्रेड मोबाइलवर पक्का केला. मी माझा 22 वर्षांचा गार्ड, पगार जुळवण्यापुरते आणखी दोन खेळाडू आणि पुढच्या मोसमाची पहिल्या फेरीची निवड, म्हणजे नवे खेळाडू निवडताना पहिल्या फेरीत मिळणारी पाळी, दिली. त्या बदल्यात तिचा 31 वर्षांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, घेतला. तुमच्या तपासणीच्या पानावर हिरवं वर्तुळ होतं, ट्रेड कोणाच्या फायद्याचा ते दाखवणारा काटा माझ्या बाजूला झुकलेला होता, आणि सेंटरच्या नावासमोर 'करार: 1' असं लिहिलेलं होतं. त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे.

काटा हिरवा दिसला म्हणून मी डोळे मिटून सही केली, असं कृपया समजू नका. सेंटर सामन्याला 17 गुण करतो आणि गार्ड 13, पण सेंटर 34 मिनिटं खेळतो आणि गार्ड 26. 36 मिनिटांच्या हिशेबात दोघांचे बरोबर 18 गुण येतात. नेमबाजीत तर गार्डच सरस आहे. त्याला 13 गुणांना 10 शॉट आणि 3 फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक) लागतात, सेंटरला 17 गुणांना 15 शॉट आणि 5 फ्री थ्रो. फ्री थ्रोला 0.44 चा भार देऊन खरी अचूकता काढली, तर गार्डची 57 टक्क्यांच्या वर जाते आणि सेंटरची 50 च्या आत राहते. हे सगळं मी वहीत मांडलं होतं. तरीही सौदा केला, कारण आमच्या संघाचा रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात, रोज जीव जात होता आणि सेंटरचा करार याच मोसमात संपणार होता. त्याचे 22 कोटी उन्हाळ्यात मोकळे झाले की तरुण सेंटर घ्यायचा, असा बेत होता. आमच्या लीगमध्ये एका संघाच्या एकूण पगाराची मर्यादा 100 कोटींची आहे. म्हणजे जवळजवळ पाव तिजोरी रिकामी होणार होती. या एका गोष्टीसाठीच मी गार्ड सोडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर संघ उघडला, तर तिथे त्याच सेंटरसमोर '1+2' दिसलं. मोबाइलवर तो रकाना अरुंद असल्यामुळे पुढचं '+2' कापलं जातं. करार तीन वर्षांचा आहे आणि दरवर्षी पहिल्या पगाराच्या 8 टक्के वाढ आहे. 22, मग 23.76, मग 25.52. एकूण 71.28 कोटी, आणि करार संपेल तेव्हा खेळाडू 34 वर्षांचा असेल.

रकाना कापला गेला ही चूक मी समजू शकते. पण मग तुमचा काटा माझ्या बाजूला कसा झुकला? त्याला तरी तीन वर्षं दिसत होती ना? म्हणून मी रविवारी बसून अकरा खोटे ट्रेड मांडून पाहिले, पक्के न करता. सारख्या वयाचे, सारख्या गुणांचे, सारख्या पगाराचे खेळाडू घेतले, फक्त कराराची वर्षं बदलली. काटा एकदाही हलला नाही. एक वर्ष असो की चार, तुमच्या तपासणीला फक्त चालू मोसमाचा पगार कळतो. अकराही पानांचे फोटो जोडले आहेत, तुमच्या तांत्रिक विभागाने ताडून पाहावेत.

आमच्या धंद्यात सूत घेताना दराबरोबर उधारीची मुदतही बघतात. दर तोच असला तरी रोखीचं सूत आणि नव्वद दिवसांच्या उधारीचं सूत एका भावाचं धरत नाहीत. खेळाडूचंही तसंच आहे. 22 कोटींचा एका वर्षाचा सेंटर ही पुढच्या मोसमाची मोकळीक असते आणि 22 कोटींचा तीन वर्षांचा सेंटर हा गळ्यातला धोंडा असतो. ट्रेड तोलताना वय, मिनिटं आणि करार एकत्र धरायचे असतात. तुमच्या पानावर मात्र 'सर्व बाबी विचारात घेऊन' असे शब्द छापले आहेत.

यातून दुसऱ्या सौद्याने सुटावं, तर तीही वाट बंद आहे. तुमच्या नियमावलीत एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा स्टेपियन नियम घेतला आहे, म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देता येत नाहीत. क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला निवडी वाटून संघ पोकळ केला, त्यावरून तो नियम आला. नियम चांगलाच आहे. पण पुढची निवड याच ट्रेडमध्ये गेल्यामुळे त्यानंतरची मला गहाण टाकता येत नाही, आणि निवड जोडल्याशिवाय हा करार कोणी घेणार नाही.

19 तारखेच्या तुमच्या उत्तरात 'ट्रेडमध्ये नफा-तोटा होतच असतो, झालेला ट्रेड अंतिम' असं लिहिलं आहे. नफा-तोट्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. 1996 मध्ये एनबीएच्या शार्लट संघाने व्लादे डिव्हाच या सेंटरसाठी 13 व्या क्रमांकावर निवडलेला, पुढे फार मोठा खेळाडू ठरलेला कोबी ब्रायंट लेकर्स संघाला दिला. तो अंदाज चुकला आणि त्यांनी तो सोसला. माझा अंदाज चुकला असता तर मीही गप्प बसले असते. पण ज्या आकड्यावर अंदाज बांधला, तोच तुम्ही चुकीचा दाखवला. आणि ट्रेड मागे घेता येत नाही, असंही नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये एनबीएचा सेंटर टायसन चँडलर न्यू ऑर्लिन्सकडून ओक्लाहोमा सिटीकडे गेला होता. वैद्यकीय तपासणीत पायाच्या अंगठ्याची जुनी दुखापत पुढे आली आणि तो सौदा रद्द होऊन सगळे खेळाडू आपापल्या संघात परतले.

पुण्याच्या मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला तीन वर्षं माहीतच आहेत. उलटव तो ट्रेड, मला असा सौदा नको." तिची लेखी संमती सोबत आहे. इतर दहा संघांचीही हरकत नाही, त्यांचे निरोप जोडले आहेत. म्हणजे आता अडलंय ते फक्त तुमच्याकडे.

माझी मागणी अशी, की हा ट्रेड उलटवून दोन्ही संघ 13 जानेवारीच्या स्थितीत आणावेत. आमच्या लीगची ट्रेडची मुदत 15 फेब्रुवारीला संपते, त्यानंतर उलटवून काहीच उपयोग नाही. मोबाइलवरचा रकाना दुरुस्त करावा, आणि काट्यात कराराची वर्षं धरली जाईपर्यंत त्याखाली 'फक्त चालू मोसमाचा पगार धरला आहे' असं स्पष्ट लिहावं. आणखी किती लीगमध्ये याच काट्यावर सौदे होत असतील, मला त्यांचीही काळजी वाटते. ट्रेड उलटवणं शक्य नसेल तर या वर्षाची वर्गणी पूर्ण परत करावी. मला पैसे नकोत, माझा संघ हवा आहे, तरी दुसरा मार्ग ठेवते.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. 14 जानेवारीच्या पहिल्या तक्रारीची पोच मला मिळालीच नाही, पाच दिवसांनी थेट नकार आला. 15 फेब्रुवारीपर्यंत निर्णय न कळल्यास मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. 2019 च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

उत्तर कृपया मराठीत आणि या पत्रातल्या मुद्द्यांना धरून द्यावं. मागचं उत्तर कुठल्याही तक्रारीला चालेल असं होतं, त्यात माझ्या सेंटरचा उल्लेखसुद्धा नव्हता.

आपली,
एक वर्गणीदार
जुळे सोलापूर

सोबत: ट्रेडच्या रात्रीच्या पानाचा फोटो, कॉम्प्युटरवरच्या पानाचा फोटो, अकरा चाचण्यांचे फोटो, मैत्रिणीची लेखी संमती, दहा संघांचे निरोप, वर्गणीची पावती.