बार्तोजेय म्हणजे कोण? आबांना पत्र

बिदगोश्च, पोलंड
19 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र पोचेपर्यंत दिवाळी सरलेली असेल. उद्या पहाटे अभ्यंगस्नान करायचं ठरवलंय. आईनं पाठवलेलं उटणं जपून ठेवलं आहे. इथं झाडांची पानं गळतायत आणि संध्याकाळी लवकर उजेड मंदावतो. बाकी तब्येत ठीक, काळजी नसावी.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडच्या आडनावांना काही अर्थ असतो का गं, आपल्यासारखा?" तेव्हा मी घाईत होते, "असतो की" म्हणून मोकळी झाले. पण तुमचा प्रश्न मनातून जाईना. पुढचे आठ दिवस मी त्याच्याच मागं होते. म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहिते आहे. हे सगळ्यांना वाचून दाखवा.

मी राहते त्या घराच्या दारावर पितळेची लहानशी पाटी आहे. अक्षरं घासून घासून गुळगुळीत झालीत. त्यावर घरमालकीणबाईंचं आडनाव आहे, बार्तोजेय. सुरुवातीला मला वाटलं, असतील अशी हजारो माणसं. पण इथं ज्याला त्याला हे नाव दोनदा सांगावं लागतं. परवा एका कचेरीत मी बाईंबरोबर गेले होते, तिथल्या मुलीनं सरळ 'कोवोजेय' लिहिलं. बाईंनी काही न बोलता कागद परत ढकलला आणि एक एक अक्षर सांगितलं. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्म याच देशातला, आणि स्वतःचं नाव असं फोडून सांगायचं.

इथं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव म्हणजे नोवाक, दोन लाखांच्या आसपास माणसं. नोवाक म्हणजे 'नवा', बाहेरून गावात आलेला. मग कोवाल्स्की, सव्वा लाखाच्या वर. कोवाल म्हणजे लोहार, आणि ते शेवटचं 'स्की' जवळपास आपल्या 'कर'सारखं काम करतं, अमक्या गावचा किंवा अमक्याच्या घरचा. युक्रेनमध्ये तोच लोहार कोवालेंको होतो, चेक लोकांत कोवार्झ. लोहार गावोगाव लागायचा, म्हणून लोहाराचं नाव गावोगाव राहिलं. बार्तोजेय मात्र घनदाट जंगलातच लागायचा, आणि नाव दुर्मिळ होण्याचं पहिलं कारण हेच.

आता बार्तोजेय म्हणजे कोण ते सांगते. पोलिश भाषेत 'बार्च' म्हणजे उभ्या जिवंत झाडात माणसानं मधमाश्यांसाठी कोरलेली ढोली. पेटी नाही, मडकं नाही, झाडाचंच पोट. आणि 'जेय' म्हणजे करणारा. दोन्ही मिळून बार्तोजेय, मधाची ढोली कोरणारा. आबा, तुम्ही आम्हाला शिकवायचात ना, कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार? अगदी तीच घडण. कोवोजेय म्हणजे चाकं करणारा. इतकंच काय, हा 'जेय' ज्या धातूतून आला तो आपल्या 'धा' धातूचा सख्खा भाऊ. आपण 'विधाता' म्हणतो त्यातला 'धा' आणि या पितळी पाटीवरचा 'जेय' एकाच मुळाचे. हे कळलं त्या रात्री मी पुन्हा दारापर्यंत जाऊन ती पाटी पाहिली.

ढोली कोरण्याला इथं खास क्रियापद होतं, 'जाच'. आता तेच क्रियापद विणकामाला वापरतात. माझ्या लोकरी स्वेटरच्या चिठ्ठीवर 'जानिना' असं छापलंय, म्हणजे विणलेलं कापड. मूळ एकच.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, शाळेत पोरं मला चिडवायची. कारण पोलिशमध्ये चोराला 'झ्वोजेय' म्हणतात, वाईट करणारा. यमक जुळतं, पोरांना तेवढंच पुरे. वर्गातली एखादी पेन्सिल हरवली की सगळे हिच्याकडं बघून ओरडायचे. घरी येऊन रडायची. आणि उपकारकर्त्याला 'दोब्रोजेय' म्हणतात, चांगलं करणारा, पण ते यमक कुणाला सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं आबा. कारण जुन्या कायद्यात दुसऱ्याच्या मधमाश्या चोरणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा होती. बार्तोजेय आणि झ्वोजेय हे एकमेकांचे वैरी होते.

कायद्यावरून आठवलं. इथून पूर्वेला, वॉर्सॉच्या वरच्या अंगाला, कुर्प्ये नावाच्या लोकांचं मोठं पाइनचं जंगल होतं. प्शास्निश गावचा अधिकारी क्शिश्तोफ निश्चित्स्की यानं 1559 मध्ये या मधवाल्यांचे रीतिरिवाज लिहून काढले. त्यांची स्वतःची पंचायत होती, स्वतःचा निवडलेला प्रमुख होता. साठ ढोल्यांच्या हिश्शाला 'बूर' म्हणायचे, म्हणजे जंगल. जमिनीची मोजणी जशी बिघ्यात, तशी यांची झाडात. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीनं खूण कोरायची, दोन तिरप्या रेघा, एक फुली, असं काही. घराण्याची खूण ठरलेली, ती बापाकडून मुलाकडं जायची. सातबारा कागदावर नव्हता, सालीवर होता.

काम सोपं नव्हतं. ढोलीला शंभर वर्षांच्या पुढचं जाड झाड लागायचं. दोरखंडाला लाकडी पाटली बांधून माणूस वर चढायचा. त्या सगळ्या सरंजामाला 'लेझिवो' म्हणतात. जमिनीपासून दोन-तीन पुरुष उंचीवर लोंबकळत लांब दांड्याच्या छिन्नीनं हातभर खोल पोकळी कोरायची, आणि ती वाळायला एक-दोन वर्षं तशीच सोडायची. त्यानंतर माश्या आल्या तर आल्या. मध वर्षातून एकदा, उन्हाळा सरताना, आणि त्यातलाही थंडीसाठी माश्यांचा वाटा ठेवून. मला यात फार मोठं शहाणपण वाटतं. पोळं जाळून, माश्या मारून मध काढणारे आपल्याकडेही पाहिलेत.

अस्वलाचा बंदोबस्त तर बघण्यासारखा. ढोलीच्या तोंडासमोर एक जड ओंडका दोरीनं टांगायचा. अस्वल आलं की तो बाजूला ढकलतं, ओंडका झोका घेऊन परत येतो आणि त्यालाच लागतो. अस्वल चिडून आणखी जोरात ढकलतं, तेवढ्याच जोरानं मार खातं. याचं नाव 'सामोबित्न्या', आपला आपण मारणारा.

आणि या अस्वलाचं पोलिश नाव ऐका: न्येजव्येज. पूर्वी सुरुवातीला 'म' होता, म्येजव्येज. मूळ अर्थ 'मध खाणारा'. स्लाव लोक अस्वलाचं खरं नाव घ्यायला भीत, म्हणून असं आडून म्हणत. आपणही रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो तसंच. मधाला इथं 'म्यूद' म्हणतात, म्हणजे आपला मधुच. तुमच्या ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ते सूक्त आहे ना, दोन पक्षी एका झाडावर? त्यात पुढं 'यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णाः' असं येतं, ज्या झाडावर मध खाणारे पक्षी बसतात. तो 'मध्वद' आणि हे अस्वल एकाच घडणीचे शब्द. तुम्ही पहाटे म्हणायचात तेव्हा मी पांघरुणात असायचे. इथं येऊन ती ओळ भेटली.

बाईंना घेऊन मी मागच्या शनिवारी स्फाझेंत्सला गेले. पोझनानजवळचं लहान गाव, तिथं मधमाश्यापालनाचं जुनं संग्रहालय आहे. जुन्या ढोल्यांचे बुंधे उभे करून ठेवलेत. एका बुंध्याला उभी अरुंद फट, तिच्यावर फळी बसवलेली, फळीला माशी जाईल एवढी खाच. आतलं लाकूड मेणानं काळपट झालंय. कडेला छिन्नीचे घाव अजून मोजता येतात, खालचे सरळ, वरचे तिरपे, कारण वर हात पोचत नसणार. बाईंनी पिशवीतून चष्मा काढला आणि बराच वेळ ते घाव बघत राहिल्या. येताना गाडीत त्यांनी माझा हात धरला होता.

हे आडनाव इतकं कमी का, त्याची आणखीही कारणं आहेत. एक तर 'बार्तोजेय' हा शब्दच जुना. पुढं लोक सोपं 'बार्तनिक' म्हणायला लागले, आणि ते आडनाव जास्त पसरलं. पूर्वेला त्याचं 'बोर्तनिक' झालं. जर्मन भाषेत याच धंद्याला 'त्साइडलर' म्हणतात, तेही आडनाव आहे. दुसरं म्हणजे शेतकऱ्यांची आडनावं पक्की व्हायला अठरावं-एकोणिसावं शतक उजाडलं, आणि तोवर धंदा उतरणीला लागला होता. देशाची फाळणी झाली, परक्या राजवटींचं जंगलखातं आलं, त्यांना झाड लाकडासाठी हवं होतं. बीटाची साखर स्वस्त झाली. लाकडी पेट्या आल्या. ढोल्या जवळजवळ संपल्या. अलीकडं काही माणसांनी हे काम पुन्हा सुरू केलंय. उरल पर्वतातल्या बाश्किर लोकांनी ते कधीच सोडलं नव्हतं, त्यांच्याकडून ही मंडळी शिकली. 2020 मध्ये युनेस्कोनं पोलंड आणि बेलारूसच्या या परंपरेला वारसा म्हणून मान दिला. आपल्याकडं महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते तुम्ही पेपरात वाचून दाखवलं होतंत. बाईंना मी सातेरी आणि आग्या मोहोळातला फरक समजावून सांगितला.

आणखी एक गंमत. याच बिदगोश्च शहरात बार्तोजेये नावाची वस्ती आहे. आता तिथं इमारतीच इमारती. हजार वर्षांपूर्वीच्या पोलिश राजांनी अख्खी गावंच्या गावं एकेका कामाला लावली होती. ढाली करणाऱ्यांचं श्चित्निकी, ससाणे पाळणाऱ्यांचं सोकोल्निकी, शिकारी कुत्री सांभाळणाऱ्यांचं प्सारी, भटारखान्याचं प्येकारी. आपल्या गावगाड्यात बारा बलुतेदार एका गावात नांदायचे, इथं एक धंदा म्हणजे एक गाव. मला आपली रीत जास्त माणसांची वाटते. सगळ्यांना सगळ्यांची गरज. पण इथलं एक खरं, धंदा बुडाला तरी गावाचं नाव कुणी पुसू शकलं नाही.

आबा, वळिवड्याच्या निर्वासित छावणीतल्या पोलिश पोरांबरोबर तुम्ही खेळायचात, ते मी बाईंना सांगितलं. 1943 ते 48, पाचेक हजार माणसं आपल्या कोल्हापूरजवळ राहिली, आणि इथं कित्येकांना ते माहीत आहे हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. फेब्रुवारी 1940 मध्ये पूर्व पोलंडमधून पहिल्या फेरीत सोव्हिएत राजवटीनं ज्यांना उचलून सैबेरियात नेलं, त्यांत वनरक्षकांची कुटुंबं खूप होती. जंगलात वाढलेली माणसं. तुमच्या त्या मित्राचं आडनाव तुम्हाला आठवत नाही, फक्त तो आंब्याच्या झाडावर सरसर चढायचा एवढं आठवतं. परत आठवून बघा. अर्धंमुर्धं आठवलं तरी लिहा, मी इथं शोधीन.

बाईंनी मग मला विचारलं, "तुझ्या आडनावाचा अर्थ काय?" मी म्हटलं पोतदार, म्हणजे खजिन्यात येणारं नाणं खरं का खोटं ते पारखणारा. त्यांनी लगेच विचारलं, कसं पारखायचे? मला नीट सांगता आलं नाही. कसोटीचा दगड एवढं म्हटलं आणि थांबले. बाईंना स्वतःच्या नावाचं आत्ता कळलं, माझं तर घरातच होतं, तुमच्याजवळ, आणि मी कधी बसून विचारलं नाही. याचं वाईट वाटतंय.

तर एवढं करा. माळ्यावरच्या शिसवी पेटीत पणजोबांचा लहान काटा आहे, आणि फडक्यात बांधलेला काळा दगड. बाबांना सांगून खाली काढा. दगडावरचे जुने कस अजून दिसतात का बघा, गुंजा आहेत का बघा. दोन्हीचे जवळून फोटो काढून पाठवा, आणि नाणं कसं घासायचे, कशाशी ताडायचे, ते तुमच्या अक्षरात लिहून. मी पोलिशमध्ये करून बाईंना वाचून दाखवणार आहे.

आजीला नमस्कार. आईला सांगा चकल्या अख्ख्या पोचल्या. बंटीला गोड पापा.

तुमची नात,
मीनू