पाटी वाचून दाखवणारा

खानापूर,
गुरुवार, रात्र

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर रागानं बोललीस ते बरं केलंस. सेकंड पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, प्रजननाचा धडा, त्याची एक साईट उघडेना, म्हणून तीन महिने मैत्रिणीच्या फोनवर वाचत होतीस, आणि कारण मी! बेळगावला हॉस्टेलला सोडताना तुझ्या फोनात मी गुपचूप एक ॲप घातलं होतं. ते शब्द बघून पान अडवतं. जीवशास्त्र कुठलं आणि घाण कुठली, हे त्याला काय कळणार? पण तुला न विचारता घातलं, ती चूक ॲपची नव्हे, माझी.

ते काढूया. पण अडवाअडवी कुठं कुठं होते ते समजून घे, म्हणजे पुढं कुणी अडवलं तर तुला ओळखता येईल.

आज्जी बेळगावच्या स्टँडवर काय करते? कन्नड पाटी तिला वाचता येत नाही, मग शेजारच्याला विचारते, "खानापूरची कुठली रे बाबा?" तो दाखवेल त्या गाडीत चढते. फोनचंही तसंच. तू साईटचं नाव लिहितेस, फोनला हवा असतो आकड्यांचा पत्ता. तो सांगणाऱ्याला डीएनएस म्हणतात. त्यानं "अशी गाडीच नाही" म्हटलं की आपण माघारी. गाडी मात्र फलाटावर उभीच असते. क्लाउडफ्लेअर कंपनीनं २०२० मध्ये घरच्यांसाठी असा एक सांगणारा फुकट दिलाय, १.१.१.३. अश्लील आणि व्हायरसवाल्या साईटींचा पत्ता तो देत नाही. घरच्या राउटरमध्ये मी तोच घातलाय, म्हणजे मलाही तोच लागू. त्याला नुसतं नाव कळतं, आतलं पान दिसत नाही. अडवली तर अख्खी साईटच अडवतो.

तुझ्या फोनात सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' सापडेल; अँड्रॉइड ९ पासून ते आहे. तिथं याच कंपनीचं फॅमिलीवालं नाव घालता येतं. मग हॉस्टेलच्या वायफायचं लॉगिनचं पान कधी अडलं, तर तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करायचं. एखादी साईट उघडली नाही तर मोबाईल डेटावर बघ. तिथं उघडली तर बहुतेक वायफायवाल्यानं अडवलीय. दोन्हीकडं नाही, पण मैत्रिणीच्या फोनात उघडते, तर भानगड बहुतेक आपल्याच फोनात.

सरकारनं अडवलेलं वेगळं. जून २०२० मध्ये टिकटॉकसकट ५९ ॲप बंद केली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. मामा चार दिवस जेवला नव्हता नीट!

मैत्रिणीनं दिलेलं ते फुकटचं व्हीपीएन, म्हणजे फोनची सगळी ये-जा स्वतःच्या कॉम्प्युटरमधून नेणारं ॲप, ते मात्र काढ. स्टँड सोडून वडापच्या खाजगी गाडीनं जाण्यातलाच प्रकार तो. पाटी नको, चौकशी नको, पण तू कुठं उतरलीस ते ड्रायव्हरला दिसतं, आणि तो कोण, कुठला, आपल्याला ठाऊक नाही. फुकट नेतो म्हणजे कशासाठी नेतो, हे तरी विचार.

शनिवारी ये. ॲपचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय, तुझ्या हातानंच काढ. प्रायव्हेट डीएनएस ठेवायचं की नाही तेही तूच ठरव, मी विचारणार नाही. बरं, रविवारी जाताना आज्जीला बरोबर ने, आत्याकडं जायचं म्हणून बसलीय. पाटी तू वाच.

तुझे,
पप्पा