लळिंगचा डोंगर बोडका नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'उजाड लळिंग हिरवागार करणार' ही बातमी गेल्या आठवड्यात वाचली. येत्या पावसाळ्यात किल्ल्याच्या उतारावर हजारो रोपं लावायचा काही उत्साही मंडळींचा बेत आहे म्हणे. हेतू चांगलाच आहे, पण त्या 'उजाड' शब्दाशी माझं भांडण आहे.

धुळ्याहून महामार्गाने दहाएक किलोमीटर गेलं की लळिंग. पावसाळ्यातल्या रविवारी धुळ्यातलं आमचं अर्धं देवपूर तिथे लोटतं. गावातल्या जुन्या महादेव मंदिराकडून वाट चढते. वर तटबंदी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या आठवणी. एप्रिलात मात्र सगळा उतार करपलेल्या भाकरीसारखा दिसतो. मलाही तो मेलेलाच वाटायचा. चार वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा मित्रांनी घरच्या पैशाने गुलमोहर आणि गिरिपुष्पाची शंभर रोपं आणली, गवत खुरपून काढलं आणि खड्डे घेतले. वीतभर माती, खाली पहार टणकन वाजेल असा खडक! आमचा हा उद्योग एक मेंढपाळ बाबा बराच वेळ बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "हाऊ डोंगर मरेल नही शे भाऊ, झोपेल शे." (मेलेला नाही, झोपलाय.) आम्ही हसलो. पुढच्या मृगापर्यंत चार रोपं उरली होती, आणि खुरपलेल्या जागेची माती पहिल्याच वळवाने धुऊन नेली होती.

तेव्हापासून मी डोंगर बघायला लागलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर हा डोंगर बसलाय. त्या थरांना भेगा पडल्या, भेगांतून पुन्हा लाव्हा वर आला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचा नरम खडक झिजला, हे गोठलेले पत्थर उभे राहिले. भूशास्त्रात त्यांना भित्ती म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात त्या शेकड्यांनी आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. कुणीतरी मुद्दाम भिंत घातल्यासारख्या शेतं ओलांडत मैलोन् मैल जातात. जवळ जाऊन पाहा, दगडाचे खांब आडवे, सरपणाची मोळी रचावी तसे रचलेले असतात. लाव्हा दोन्ही बाजूंकडून आतपर्यंत थंड होत गेला, म्हणून खांब आडवे. एवढं जागतिक कीर्तीचं धन उशाला असून आम्ही मुलांना लोणावळ्याला सहलीला नेतो, असो.

असल्या खडकावर, वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मिलीमीटर पावसात, काय उगवावं हे डोंगराने केव्हाच ठरवलंय. गवत. मारवेल, कुसळी, रोशा. रोशाची पात बोटांत चुरडली की गुलाबासारखा वास येतो. खानदेशातलं रोशाचं तेल एकेकाळी दूरदूर जात असे. आणि कुसळ! दिवाळीनंतर वर जाणाऱ्या प्रत्येकाने तिला शिव्या दिल्यात. एक कुसळ तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपटीचा पीळ उलगडतो आणि कुसळ जिवंत असल्यासारखी गिरकी घेते. ओल आली की उलगडायचं, वाळलं की पुन्हा पिळायचं, असं करत ती स्वतःला मातीत स्क्रूसारखी घुसवते. तिला खड्डा खोदून द्यावा लागत नाही.

या गवतातच तितर आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात. लांडोरीही. कुरणातल्या बंगल्याचं नावच मुळी लांडोर बंगला. 1937 साली बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले होते, दर 31 जुलैला माणसं त्या आठवणीने येतात. गवत काढून रोपं लावायची म्हणजे या पाखरांचं घर मोडून बाग करायची.

झाडच हवं असेल तर आपल्या कोरड्या डोंगरांचं झाड अंजन आहे. एका देठावर पानांची जोडी, म्हशीच्या खुरासारखी. उन्हाळ्यात नवी पालवी तांबूस येते. शेंग चपटी, टोकाला एकच बी, वाऱ्यावर गरगरत जाते. फटीत पडलं की आधी मूळ खोल जातं, वर रोपटं बराच काळ वीतभरच दिसतं. उद्घाटनाच्या फोटोत ते काही दिसणार नाही, ही अडचण मी समजू शकतो. पायथ्याच्या खोल मातीत, नाल्याकाठी लावा, सोबत खैर, पळस लावा. उतार मात्र सोडून द्या.

आणि खरी मदतच करायची तर फेब्रुवारी ते मे या काळात चार माणसं वणव्यावर लक्ष ठेवायला द्या. विडीच्या एका थोटकाने गेल्या साली कातळाचा एक अख्खा पट्टा काळा झालेला मी पाहिलाय. जळालेल्या घरट्यातली तीन अंडी तडकलेली होती.

संबंधित मंडळींना माझं एवढंच आमंत्रण आहे : खड्डे खोदण्याआधी दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी माझ्यासोबत वर चला. चहा माझ्याकडून. मोज्यात रुतलेल्या कुसळीही मीच काढून देईन.

आपला,
देवपूरचा एक वाचक, धुळे