स्कोरच्या पलीकडचं पण छापा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

युरोपातले फुटबॉल क्लब आता डेटावर चालतात असा लेख परवा तुमच्या क्रीडा पानावर वाचला. फुटबॉलला एवढी जागा दिलीत, बरं वाटलं. पण तो वाचून माणसाला असं वाटतं की क्लबात एक खोली असते, तिथं कॉम्प्युटर बसलेला असतो, बटण दाबलं की तो प्लेयरचं नाव सांगतो आणि हे लोक जाऊन त्याला घेऊन येतात. तसं नसतंय ओ. कॉम्प्युटर काय, तो सगळ्यांकडेच आहे. आकडे एक सांगतायत आणि पब्लिक दुसरंच ओरडतंय तेव्हा मालक कुणाचं ऐकतो, सगळा खेळ तिथं आहे, आणि लेखात नेमकं तेच राहिलंय.

लंडनच्या पश्चिमेकडच्या ब्रेंटफर्ड क्लबचंच बघा. त्यांच्या जुन्या ग्रिफिन पार्क ग्राउंडची ओळख काय, तर चार कोपऱ्यांवर चार पब. आत्ताचं नवं स्टेडियम पण १७ हजारांचंच, म्हणजे प्रीमियर लीगच्या (इंग्लंडमधली सगळ्यात वरची डिव्हिजन) मानानं लहानच. मालक मॅथ्यू बेनहॅम ऑक्सफर्डला फिजिक्स शिकला, बँकिंगमध्ये काम केलं, मग फुटबॉलवर आकडेमोड करून बेटिंग करायला लागला आणि त्यात एवढा पैसा केला की लहानपणापासून ज्या क्लबचा फॅन होता तोच क्लब २०१२ पर्यंत पुरता त्याच्या हातात आला.

आता एक मॅच सांगतो. २७ एप्रिल २०१३, सीझनचा शेवटचा दिवस, घरच्या ग्राउंडवर समोर डॉनकास्टर. ब्रेंटफर्ड जिंकलं तर तिसऱ्या डिव्हिजनमधनं दुसऱ्या डिव्हिजनला जाणार, डॉनकास्टरला ड्रॉ पण चालतोय. ०-० आणि एक्स्ट्रा मिनिटं चालू असताना ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळाली. खरं तर कॅप्टननं मारायची, पण लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडनं उसन्या आलेल्या ट्रॉटा नावाच्या पोरानं हट्टानं बॉल घेतला आणि मारली ती थेट गोलच्या वरच्या दांडीवर, क्रॉसबारवर! परत आलेला बॉल घेऊन डॉनकास्टरवाले दुसऱ्या टोकाला पळाले आणि त्यांनीच गोल घातला. दोन मिनिटांपूर्वी जे वर जाणार होते ते खालीच राहिले. आपल्याकडं असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी कोच बदला, प्लेयर बदला, कमिटी बदला, सगळं झालं असतं. पण आकड्यांच्या माणसाला यात काय दिसतं, तर पेनल्टी साधारण चारातल्या तीन आत जातात, ही चौथी निघाली. टीम सीझनभर जशी खेळली तशीच आहे, बारला बॉल लागला म्हणून ती वाईट होत नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ ला, ब्रेंटफर्ड वर गेलंच.

एक्सजी एक्सजी (एक्सपेक्टेड गोल, म्हणजे चान्स बघता किती गोल व्हायला हवे होते) म्हणतात ते हेच, त्यात जादू काही नाही. याआधी मारलेल्या हजारो शॉटची नोंद असते, शॉट किती लांबून, कुठल्या कोनातून, पायानं का डोक्यानं, अशा शॉटपैकी किती आत गेले ते बघायचं आणि आजच्या प्रत्येक शॉटला तेवढे मार्क द्यायचे. तीस यार्डावरनं मारलेल्याला शंभरात दोन-तीन, गोलच्या तोंडाशी मोकळा मिळाला तर पन्नासच्या वर. मॅचभराची बेरीज केली की कळतं कुणी किती चांगले चान्स तयार केले. कुस्तीत एकदा चितपट झाली की विषय संपला, शंका नाही. फुटबॉलमध्ये अख्ख्या मॅचला दोन नाहीतर तीन गोल होतात, त्यातला एक जरी कुणाच्या गुडघ्याला लागून आत गेला तरी निकाल फिरतो. म्हणून दहा-पंधरा मॅचच्या निकालावरनं टीमचं मोजमाप करायला गेलं की फसायला होतं.

आणि हे नुसतं भिंतीवर लिहून ठेवलं नाही बेनहॅमनं, वागून दाखवलं. मार्क वॉरबर्टन म्हणून मॅनेजर होता, त्यानंच टीम वर आणली, वरच्या डिव्हिजनला पहिल्याच वर्षी पाचव्या नंबरला नेऊन ठेवली. तरी २०१५ च्या फेब्रुवारीत क्लबनं जाहीर केलं की सीझन संपला की हा जाणार, कारण प्लेयर निवडताना आकड्यांना किती मान द्यायचा यावर पटत नव्हतं. इंग्लंडमधले पेपर तुटून पडले, चालत्या गाडीला खीळ घातली म्हणून. आणि मजा बघा, त्याच्या जागी आणलेला डच कोच डायकहाउझेन सप्टेंबर संपायच्या आत घरी गेला. म्हणजे आकडे लावले की सगळं बरोबरच येतं असं अजिबात नाही. माणूस ड्रेसिंग रूममध्ये कसा वागेल ते कुठल्या टेबलात येत नाही.

उलटी बाजू २०१८ ची. तेव्हाचा कोच डीन स्मिथ ॲस्टन व्हिलाला निघून गेला, ऑक्टोबरमध्ये थॉमस फ्रँकला कोच केलं आणि पहिल्या दहातल्या आठ मॅच हरला. आठ! कुठल्याही क्लबात सामान बांधायला सांगितलं असतं. पण चान्सचा हिशोब सांगत होता की टीम एवढी वाईट खेळत नाहीये, तर त्याला ठेवला. तो सीझन अकराव्या नंबरवर संपला, पुढच्या वर्षी तिसरा नंबर आणि वर जायच्या शेवटच्या जागेसाठी असते त्या प्लेऑफ फायनलला फुलहॅमकडून हार, त्याच्या पुढच्या वर्षी मे २०२१ ला वेम्बलीवर स्वान्सीला २-० हरवून प्रीमियर लीग. टॉप डिव्हिजनला हा क्लब ७४ वर्षांनी पोचला, आणि पहिल्याच मॅचला आर्सेनलला २-० नं हरवलं. जिंकणाऱ्याला जाऊ दिलं आणि हरणाऱ्याला ठेवला, दोन्ही वेळा स्कोरबोर्ड उलटं सांगत होता. हे करायला सॉफ्टवेअर नाही लागत, छाती लागते. शिवाय स्वतःचा पैसा असावा लागतो, तेही खरंच.

लिव्हरपूलचं पण तसंच. क्लॉप कोच असलेलं जर्मनीतलं डॉर्टमुंड २०१४-१५ ला तिथल्या लीगमध्ये सातव्या नंबरवर राहिलं, सगळे म्हणायला लागले याचं संपलं. लिव्हरपूलचा डेटा बघणारा इयन ग्रॅहम, मूळचा फिजिक्सवाला, त्यानं हिशोब मांडला की चान्सच्या मानानं ही टीम दुसऱ्या नंबरच्या लायकीची होती, नशिबानं मार खाल्ला. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला कोच म्हणून आला, पुढचं सगळ्यांना माहिती आहे, २०१९ ला चॅम्पियन्स लीग आणि २०२० ला ३० वर्षांनी लीगचा कप.

प्लेयर विकत घेण्या-विकण्याचं लिहीत बसत नाही, त्यावर तुमच्या लेखात बरंच होतं. एकच सांगतो, ऑली वॉटकिन्सला चौथ्या डिव्हिजनच्या एक्सेटरकडनं दोनेक मिलियन पाउंडाला घेतला आणि तीन वर्षांनी ॲस्टन व्हिलाला २८ मिलियनला विकला.

त्यापेक्षा सेट पीसची, म्हणजे कॉर्नर, फ्री किक, किकऑफ असा थांबलेल्या बॉलवरनं सुरू होणाऱ्या खेळाची गंमत जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रेंटफर्डनं सलग तीन मॅचमध्ये पहिल्या मिनिटाच्या आत गोल घातला, मँचेस्टर सिटीला २२ सेकंदात, टॉटनहॅमला २३ सेकंदात, वेस्ट हॅमला ३७ सेकंदात. प्रीमियर लीगमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं, किकऑफ कसा घ्यायचा यावर सुद्धा यांनी काम केलेलं. तेव्हाचा सेट पीस कोच कीथ अँड्र्यूज, फ्रँक टॉटनहॅमला गेल्यावर २०२५ ला त्यालाच हेड कोच केलं. पण त्या तिन्ही मॅचचे निकाल काय? दोन हरले, एक ड्रॉ. ८९ मिनिटं खेळायचं राहतंच की.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते आणि ती कुणी लिहीत नाही. हा सगळा डेटा कारभार बेटिंगमधनं आलाय. बेनहॅम बेटिंगवाला, ब्रायटन क्लबचा मालक टोनी ब्लूम पण बेटिंगवाला, दोघांनी एकेकाळी एकत्र काम केलंय. २०२३ ला ब्रेंटफर्डच्या शर्टावर बेटिंग कंपनीचं नाव होतं. आणि त्याच क्लबचा स्ट्रायकर आयव्हन टोनी त्याच वर्षी बेटिंगचे नियम मोडले म्हणून आठ महिने बाहेर बसला, २३२ आरोप त्यानं मान्य केले, आणि त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं तज्ज्ञानं सांगितलं म्हणून शिक्षा जरा कमी झाली. ज्याला गणित येतं त्यानं त्यातनं क्लब विकत घेतला, आणि ज्याला सवय लागली त्याचं करिअर अडकलं. डेटाचं कौतुक करताना ही बाजू पण छापायला हवी होती, आपल्याकडची पोरं मोबाइलवर काय करत बसतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता मोजण्याबद्दल. मोजलं म्हणजे शहाणपण आलं असंही नाही. इंग्लंडच्या हवाई दलातला चार्ल्स रीप हा १९५० पासून ग्राउंडवर बसून हातानं मॅचची नोंद करायचा, आणि गंमत म्हणजे १९५१ ला त्यानं सल्ला दिला तो क्लब ब्रेंटफर्डच. त्याला दिसलं की दहातले आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालीतून होतात. मग काय, ठरलं, लांब मारा, पास कमी करा, आणि इंग्लंडमधल्या कित्येक टीमा पुढं कितीतरी वर्षं तसंच खेळल्या. पण फुटबॉलमध्ये चालीच मुळात दहातल्या नऊहून जास्त तीन पासच्या आत तुटतात! म्हणजे एवढ्या सगळ्या छोट्या चालींतनं आठ गोल, आणि उरलेल्या मूठभर मोठ्या चालींतनं दोन. नीट भागाकार केला तर जास्त पासवाली चालच भारी ठरते. गोल मोजले, पण कितीतनं ते मोजलं नाही.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण म्हणजे आपलं कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर लीगच्या मॅचला जेवढी गर्दी होते तेवढी देशात किती ठिकाणी होते सांगा. तालमीतालमीची ईर्षा (इथं टीमा तालमींच्याच), अनिकेत जाधवसारखा पोरगा इथनं १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला, सगळं आहे. पण निर्णय कसे होतात? एक मॅच हरली की चौकात कट्ट्यावर बसून गोलकीपर बदलायचा ठरतं. बाहेरनं प्लेयर आणायचा तर कुणीतरी मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ दाखवतो, त्यात तो पाच गोल मारतो, आणि चुकलेले पन्नास शॉट त्या व्हिडिओत नसतात. यात पैसा लोकवर्गणीचा असतो साहेब.

आमच्याकडं बेनहॅम नाही आणि कॅमेरे पण नाहीत, मान्य. पण वही आणि दोन कॉलेजची पोरं आहेत. ग्राउंडचं चित्र काढायचं, शॉट कुठनं मारला तिथं फुली, आत गेला तर फुलीभोवती वर्तुळ, एवढंच. कॉर्नर किती, त्यातनं किती गोल झाले तेही लिहायचं, म्हणजे कॉर्नर मिळाला की अर्धा गोल झालाच अशा थाटात ओरडणाऱ्यांना कळेल की शंभरातनं तीन-चारच आत जातात. सीझनभर लिहिलं तर पुढच्या वर्षी कमिटीपुढं ठेवायला काहीतरी होईल.

आणि यात तुमच्या पेपरनं सुरुवात करावी. मॅचच्या बातमीत "अमुकच्या पासवर तमुकने जोरदार फटका मारत आघाडी मिळवून दिली" हे वर्षानुवर्षं वाचतोय. त्याच्याखाली एक छोटी चौकट द्या, दोन्ही टीमचे शॉट किती, त्यातले पेनल्टी बॉक्सच्या आतनं किती, गोलकीपरनं अडवले किती. तुमचा वार्ताहर ग्राउंडवर दीड तास बसलेलाच असतो. आणि तो नको म्हणाला तर आमच्या पेठेतली पोरं फुकट वही भरून पाठवतील, फक्त रात्री किती वाजेपर्यंत पाठवायची तेवढं कळवा.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर