शिक्षकांचा आक्षेप रोबोटला नाही

महोदय,

प्राथमिक शाळेत गणितासाठी रोबोट वापरण्याचा विषय निघाला की ‘शिक्षकांनाच नवे काही नको असते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. लहान मुलांना गणित शिकवणारी शिक्षिका म्हणून त्याबद्दल लिहावेसे वाटते.

मुळात ही कल्पना जुनीच आहे. गणितज्ञ सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली आणि पुढे तिच्या आज्ञांनुसार जमिनीवर चालणारा ‘कासव’ नावाचा रोबोटही आला. आजचा मधमाशीच्या रूपातला बी-बॉट हा छोटा रोबोट त्याच कुळातला. बटणे दाबून आधी आज्ञा साठवायच्या आणि मग त्याला सोडायचे; पुढे जाण्याच्या प्रत्येक आज्ञेला तो १५ सेंटिमीटर सरकतो आणि वळतो तो काटकोनातच.

माझ्या वर्गात जमिनीवर आखलेल्या संख्यारेषेवर त्याला ३ वरून ७ वर न्यायचे होते. एका मुलाने ‘तीन, चार, पाच, सहा, सात’ असे बोटांवर मोजून पाच वेळा बटण दाबले आणि रोबोट ८ वर जाऊन थांबला. ज्या घरात उभे आहोत ते मोजायचे नसते, हे मी फळ्यापाशी कितीदा तरी सांगितले होते. त्या दिवशी ते त्यानेच शेजारणीला समजावले. वहीतली लाल फुली पाहून हिरमुसणारी मुले रोबोट चुकला की हसतात आणि पुन्हा मोजायला घेतात. हे ज्याने पाहिले आहे, त्या शिक्षकाला रोबोटचा उपयोग वेगळा पटवून द्यावा लागत नाही.

अडते ते दुसरीकडेच. आधीच्या आज्ञा पुसायच्या राहिल्या तर हा रोबोट त्याही पुन्हा पाळतो, त्यामुळे मोजणी बरोबर असूनही तो भलतीकडे जातो आणि चूक मुलाची की बटणाची, हे भरल्या वर्गात, बाकीचे गट पाळीसाठी गलका करत असताना, शिक्षकाला क्षणात ओळखावे लागते. नवे तंत्रज्ञान माणूस स्वीकारतो ते उपयोगी आणि वापरायला सोपे वाटले तर, असे माहिती-तंत्रज्ञानाचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले होते. वर्गात ‘सोपे’ या शब्दाचा अर्थ असा बदलतो. प्रशिक्षणात मात्र आम्हाला बटणेच शिकवली गेली. कोणत्या घटकाला रोबोट लागतो आणि कोणत्याला नाही, यावर चकार शब्द नव्हता. (अपूर्णांकांसाठी मी आजही कागदाची घडीच घालते.)

शिवाय ‘रोबोट’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी खपवल्या जातात. मुलाच्या आज्ञेने चालणाऱ्या रोबोटला विचार मूल पुरवते. वर्गासमोर उभा राहून पाढे म्हणवून घेणारा मानवाकृती रोबोट मुलाला पुन्हा श्रोता करतो. पहिल्याचे मी स्वागत करते, दुसऱ्याला माझा विरोध आहे आणि तो नोकरी जाण्याच्या भीतीपोटी नाही.

खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी एखादा रोबोट सत्रभर शिक्षकांच्या हाती द्यावा, त्यावर पाठ बेतायला वेळ द्यावा आणि सत्राअखेरीस ‘या वर्गाला नको’ असे सांगण्याची मुभाही असावी, एवढीच विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका