अण्णा, लाइन वेळेवर सोडायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आपल्या टॉवेलच्या शेडमधले चोवीसही माग आता आपापल्या काउंटर बोर्डातून एकाच दोन तारांच्या आरएस-485 लाइनवर (सगळी यंत्रं एकाच जोडीवर आळीपाळीने बोलतात ती पद्धत) न अडखळता उत्तर देतात. देखभालीच्या आम्हा सगळ्यांकडून त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सर्वांसाठी उघड लिहितोय, कारण सोलापुरात अशी लाइन टाकलेले कारखाने आणखीही असतील आणि तुम्ही दाखवलेलं त्यांच्याही उपयोगी पडेल.

तुम्ही आल्या आल्या लॅपटॉप उघडला नाहीत. मेन बंद करून ए आणि बी तारांमध्ये मल्टिमीटर लावलात. लाइनच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असेल तर 60 च्या आसपास दिसायला हवं. दिसले 24. म्हणजे दोनऐवजी पाच टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परतू नये म्हणून लावायचे रेझिस्टर)! मधल्या तीन काउंटर बोर्डांचे जंपर खोक्यातून आले तसेच लावलेले होते. ड्रायव्हरकडून, म्हणजे लाइनवर सिग्नल ढकलणाऱ्या चिपकडून, 54 ओहमच्या भारावर दीड व्होल्टची हमी असते. ओहम त्याहून कमी, म्हणजे भार जड झाला की सिग्नल बसतो.

मग बायसिंग, म्हणजे रिकाम्या लाइनला रेझिस्टरांच्या जोडीने ठरावीक व्होल्टेजवर धरणं. सगळे गप्प असताना लाइन 200 मिलिव्होल्टच्या वर धरून ठेवावी लागते, नाहीतर शेजारच्या मोटर ड्राइव्हचा गोंगाट रिसीव्हरला स्टार्ट बिट, म्हणजे नव्या बाइटची सुरुवात, वाटू शकतो. 5 व्होल्टवर 680 ओहमच्या जोडीने जेमतेम 0.21 व्होल्ट मिळत होते. तुम्ही 560 ची जोडी लावलीत, 0.25 झाले.

पण खरा गुंता पुढे होता. काही मागांचं उत्तर मधूनच पॅरिटी एररने (बाइट बरोबर आला का ते तपासणारा जादा बिट न जुळल्याने) फेकलं जायचं, दुपारी जास्त. सगळे केबलला दोष देत होते. तुम्ही स्कोपचा एक प्रोब डेटावर आणि दुसरा ड्रायव्हरच्या डीई पिनवर (ती वर असेपर्यंतच ड्रायव्हर लाइनवर बोलतो) ठेवलात, आणि शेवटचा बाइट पुरता जाण्याआधीच डीई खाली पडताना दिसला. बोर्डचा प्रोग्रॅम बफर रिकामा झाल्याचा फ्लॅग बघून 1 मिलिसेकंद थांबायचा आणि लाइन सोडून द्यायचा. बफर रिकामा होतो तेव्हा शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे बिट एकेक करून तारेवर सोडणाऱ्या भागात, नुकता शिरलेला असतो. 9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट) पॅरिटीसकट 11 बिटांना 1.146 मिलिसेकंद लागतात. पॅरिटी बिट वाचला जातो साधारण 990 व्या मायक्रोसेकंदाला, म्हणजे सवड उरते फक्त 10 मायक्रोसेकंदांची. ज्या बोर्डाचं घड्याळ दोन टक्के पुढे पळतं, तो 980 लाच लाइन सोडतो. लाइन बायसमुळे 1 वर जाते आणि पॅरिटी 0 असायला हवी असेल तर फ्रेम बाद. चिपच्या आतलं आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचं) घड्याळ तापमानाबरोबर सरकतं, म्हणून दुपारचा त्रास. आणि पॅरिटी निम्म्या वेळा 1 असतेच, म्हणून तो मधूनच. इलाज दोन ओळींचा निघाला: थांबणं काढून टाकायचं, आणि ट्रान्समिट पूर्ण झाल्याचा टीएक्ससी फ्लॅग आला की लगेच डीई खाली घ्यायचा. उशीरही चालत नाही, कारण तोवर पुढचा प्रश्न येऊन आदळतो.

गेटवरचा उत्पादन बोर्ड सरळ लाइनवर जोडला होता, तोही तुम्हीच हुडकून काढलात. मॉडबस आरटीयूच्या, म्हणजे मागांशी प्रश्नोत्तरं करायच्या आपल्या भाषेच्या, सिरियल लाइनवर विचारणारा एकच असावा लागतो. गाडीतल्या कॅन बसवर दोघं एकदम बोलायला लागले तरी 0 बिट 1 वर मात करतो, लहान आयडीवाला पुढे जातो, दुसरा मुकाट थांबतो आणि संदेश शाबूत राहतो. 485 वर दोन ड्रायव्हर एकमेकांविरुद्ध ओढतात आणि दोन्ही फ्रेम जातात. आता तो उत्पादन बोर्ड गेटवेकडून, म्हणजे मागांना विचारणाऱ्या त्या एकाच यंत्राकडून, आकडे घेतो, मागांशी थेट बोलत नाही.

वेळेचा हिशेब तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडलात. 8 बाइटचा प्रश्न आणि 13 बाइटचं उत्तर मिळून 24 मिलिसेकंद, दोन फ्रेमांमागची साडेतीन अक्षरांची शांतता 8, बोर्डाचा विचार 10. एका मागाला 42, चोवीसांची फेरी एका सेकंदात. पण टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, एक सेकंदाचा होता, त्यामुळे चार माग बंद असले की फेरी पाच सेकंदांवर जायची. आता टाइमआउट 100 मिलिसेकंद आहे, आणि तीनदा उत्तर न दिलेल्या मागाला दहा फेऱ्यांतून एकदाच विचारतो.

तो कागद लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून लावलाय. 60 ओहम, 0.25 व्होल्ट, 100 मिलिसेकंद हे तीन आकडे रात्रपाळीचा पोरगाही बघून मोजतो. दुसऱ्या शेडची लाइन आखताना तार मागाकडून मागाकडे नेतोय, मधे फाटे नाहीत. ओढण्याआधी आराखडा तुमच्या नजरेखालून जावा, एवढी विनंती.

आपले कृतज्ञ,
देखभाल विभागातले सगळे