पत्रिकेवरचं ते गोल चिन्ह

नाशिक रोड

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. लेकीच्या बाप्तिस्म्याच्या पत्रिकेवर ते गोल चिन्ह कसलं, असं तू विचारलंस आणि वर ‘तुमच्यातही एवढी दैवतं?’ म्हणून हसलास. अरे, ते आमच्या बॅप्टिस्ट मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचं चिन्ह, अजून पक्कं व्हायचंय. दैवत त्यात एकही नाही. खुणा आहेत, आणि माझं मत विचारशील तर जरा जास्तच आहेत.

क्रूस तर तू ओळखलासच. पण बाळ येशूच्या यात्रेला आपण गेलो होतो तेव्हा क्रुसावर येशूची मूर्ती पाहिली होतीस ना? कॅथलिकांकडे तशी असते. आमचा क्रूस रिकामा. तो त्यावर मेला, पण तिसऱ्या दिवशी उठला, म्हणून लाकूड तेवढं उरलं.

खालच्या तीन नागमोडी रेघांकडे मात्र कुणी बघत नाही, आणि बॅप्टिस्ट, म्हणजे आमचा प्रोटेस्टंट पंथ, ओळखायचा तो तिथेच. ते पाणी. शरणपूरच्या जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वस्तीत, किंवा कॅथलिकांत, तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. आमच्यात बाळाला फक्त आशीर्वाद. कळत्या वयात ज्याने स्वतः विश्वास कबूल केला, त्यालाच पाण्यात उतरवतात, तेही पूर्ण बुडवून. गंमत म्हणजे १६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये जॉन स्मिथ आणि त्याच्या सोबत्यांनी हा पंथ सुरू केला तेव्हा तेही पाणी ओतूनच भागवत होते. सबंध अंग पाण्याखाली गेलं पाहिजे, हे लंडनच्या बॅप्टिस्टांनी १६४४ साली आपल्या विश्वासाच्या जाहीर कबुलीत लिहून ठेवलं.

आमच्याकडे व्यासपीठाच्या पुढ्यात फळ्यांखाली सिमेंटचा हौद आहे. एरवी वर सतरंजी असते, नवख्याला पत्ताही लागत नाही. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. उतरणारा पांढऱ्या कपड्यांत, हात छातीवर. पाळक त्याच्या नाकावर रुमाल धरतात, पाठीला हात देऊन उताणं पाण्याखाली नेतात आणि लगेच वर काढतात. दोन-तीन सेकंदांचं काम. पण उताणंच का? मेलेल्याला तसंच ठेवतात म्हणून. बायबलात प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हेच आहे: ख्रिस्ताबरोबर पुरलं जायचं आणि नव्या जीवनात चालायला उठायचं. तू म्हणशील, रामकुंडातली बुडीच की! पण गोदास्नान माणूस दर पर्वणीला करतो; हे जन्मात एकदाच, आणि पाप या पाण्याने धुतलं जातं असंही आम्ही मानत नाही. आत जे आधीच घडलंय ते चारचौघांत सांगणं, एवढंच.

नदीतही देतात हं. विल्यम कॅरी या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने १८०० च्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराला हुगळीत बाप्तिस्मा दिला, श्रीरामपूरला. आपलं नगरचं नव्हे, बंगालातलं. याच कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली कोश. म्हणून चिन्हातलं उघडं पुस्तक, म्हणजे पवित्र शास्त्र, बायबल, मला मनापासून पटतं. धर्मगुरूने सांगितलं म्हणून नाही, स्वतः वाचून मानायचं, हा आमचा जुना हट्ट.

कबुतर म्हणजे पवित्र आत्मा. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर आला तेव्हा आत्मा कबुतरासारखा उतरला, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ज्वाळाही आत्म्याचीच, पेंटेकॉस्टच्या दिवसाची, म्हणजे शिष्यांवर आत्मा अग्नीच्या जिभांसारखा उतरला त्या दिवसाची. म्हणजे एकच गोष्ट दोनदा! मासा ही पहिल्या ख्रिस्ती लोकांची खूण. आता एका डीकनना, म्हणजे मंडळीच्या एका सेवकांना, नांगरही हवाय, इब्री लोकांस पत्रात आशेला नांगर म्हटलंय म्हणून. शास्त्रात सगळं आहे रे, पण या चिन्हाचा शिक्का केवढा? इंचभर. मी संगणकावर कोरलड्रॉमध्ये लहान करून प्रिंट काढून दाखवली: कबुतराचा कावळा झाला आणि मासा लाटांत गडप. तरी ऐकत नाहीत.

बरं, वरून कुणी हुकूम सोडावा तर तशी सोयच नाही. जगभरच्या बॅप्टिस्टांचं सक्तीचं एक चिन्ह नाही, कारण प्रत्येक मंडळी आपल्या कारभाराची आपणच मालक. त्यामुळे हेही सभासदांच्या सभेत हात वर करून ठरणार. क्रूस, पुस्तक आणि पाणी, एवढंच ठेवा, असं मी मांडणार आहे. हरेन बहुतेक. नांगरवाल्यांचं गणगोत मोठं आहे.

तू ईस्टरच्या आदल्या संध्याकाळीच ये, उपासना पहाटेची आहे. वहिनींना आण. पुढच्या बाकावर बसू नका, हौदाचं पाणी उडतं. जेवायला आमच्याकडेच, हिने मटणाचा बेत ठरवलाय, पण तुझा शनिवार असेल तर आधी कळव.

तुझाच,
नाशिकरोडकर